चेन बदलली, तरी खडखड परत का येते? टायमिंग चेन आणि बेल्ट नेमके कधी बदलायचे

सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिनाच्या एका टोकाकडून दोन-तीन सेकंद खर्रर्र असा आवाज येतो आणि मग इंजिन नेहमीसारखं चालू लागतं. काही महिन्यांत ते दोन सेकंद पाच होतात. पुढे गरम इंजिनालाही न्यूट्रलमध्ये बारीक खडखड ऐकू यायला लागते. गॅरेजवाला कान देऊन ऐकतो, ‘टायमिंग चेन गेली’ म्हणतो आणि चेन बदलून देतो. काही महिने बरे जातात, आणि तोच आवाज पुन्हा सुरू होतो. १.३ लिटर मल्टिजेट डिझेलवाल्यांकडून ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की माझे पहिले दोन प्रश्न आता ठरलेले असतात. चेनसोबत आणखी काय काय बदललं? बहुतेक उत्तर येतं, ‘फक्त चेन.’ आणि इंजिन ऑईल शेवटचं कधी बदललं होतं? इथे समोरचा माणूस आठवायला लागतो.

मल्टिजेटचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण हे इंजिन आपल्याकडे घराघरात आहे. १२४८ सीसीचं हे मूळ फियाटचं इंजिन. मारुतीने २००७ मध्ये ते डीडीआयएस नावाने स्विफ्टमध्ये आणलं, पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा गाड्यांत बसवलं. टाटांनी व्हिस्टा आणि मांझामध्ये त्याला क्वाड्राजेट म्हटलं. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार व्हायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीने ते बंद केलं. म्हणजे आज या इंजिनाची जी मारुती रस्त्यावर आहे, ती बऱ्यापैकी चाललेलीच आहे. इंजिन उत्तम आहे, नीट सांभाळलं तर पहिल्याच चेनवर खूप लांब जातं. पण त्याच्या चेनचं आयुष्य जवळजवळ सगळं ऑईलवर अवलंबून आहे, आणि गफलत तिथेच होते.

आधी थोडं मूळ काम. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) दोन फेऱ्या फिरला की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फेरी फिरतो, आणि हा मेळ चेन किंवा बेल्ट राखतो. आजच्या बहुतेक इंजिनांत, डिझेलमध्ये तर हमखास, पिस्टन वर येतो त्याच जागेत उघडा व्हॉल्व्हही उतरतो. दोघांची वेळ वेगळी असते म्हणून टक्कर होत नाही. चेन एक दात सुटली तर पिकअप जातो, धूर वाढतो, अॅव्हरेज पडतं. आणखी दात सुटले किंवा बेल्ट तुटला, तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो.

चेन ‘लांबली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिचा बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका कडीची झीज नखाएवढीही नसते, पण सगळ्या कड्यांची मिळून चेन काही मिलिमीटर वाढते. झिजलेली सायकलची चेन जशी फ्रीव्हीलच्या दातांवर चढून बसते, तसंच इथेही होतं. डिझेलमध्ये भर पडते काजळीची. ज्वलनातून ऑईलमध्ये उतरलेली काजळी पिन आणि बुशच्या फटीत पॉलिश पेपरसारखं काम करते. ऑईल जितकं जुनं आणि काळं, तितकी ही झीज जोरात.

ही वाढलेली लांबी भरून काढतो टेन्शनर. मल्टिजेटमध्ये आणि इतर बऱ्याच इंजिनांत तो ऑईलच्या प्रेशरवर चालतो: प्रेशर आलं की आतला प्लंजर पुढे सरकतो, गाईडला, म्हणजे चेनला टेकून असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला दाबतो आणि चेन ताठ होते. रात्रभर उभ्या गाडीत हे प्रेशर शून्य असतं. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन सेकंद सगळं सांगून जातात. ऑईल टेन्शनरपर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो, तितका वेळ चेन ढिली राहते आणि कव्हरवर, गाईडवर आपटते. थोडक्यात, हा आवाज चेन झिजल्याचा असू शकतो, तसाच ऑईल उशिरा पोहोचत असल्याचाही असू शकतो. दुसऱ्या कारणासाठी चेन बदलली, तर आवाज परत येणारच.

कव्हर खोलण्याआधी काही गोष्टी बघायलाच हव्यात. त्यांना फार खर्च येत नाही आणि कधी कधी इथेच काम संपतं. ऑईलची पातळी डिपस्टिकवर बघा, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर. या इंजिनात ऑईल मावतंच तीन लिटरच्या आसपास, त्यामुळे अर्धा लिटर कमी असणं किरकोळ नाही. ऑईल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आहे ना, हे बिलावरून तपासा. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑईल टाकू’ हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण थंड इंजिनात जाड ऑईल टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोहोचतं. मग फिल्टर. फिल्टरमध्ये किंवा त्याच्या हाउसिंगमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो इंजिन बंद झाल्यावर ऑईल खाली उतरू देत नाही. लोकल फिल्टरचा हा व्हॉल्व्ह लवकर निकामी होतो आणि रोज सकाळी ऑईलची वाट पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. ओरिजिनल फिल्टर आणि योग्य ग्रेडचं ऑईल टाकून आठवडाभर सकाळचा आवाज ऐका. फरक पडला तर घाईने चेनला हात लावू नका.

आवाज खरंच चेनचाच आहे का, हेही पक्कं करा. अल्टरनेटरची पुली, फॅन बेल्टचा टेन्शनर, एसी कॉम्प्रेसरचं बेअरिंग यांचेही आवाज त्याच टोकाकडून येतात. फॅन बेल्ट काढून इंजिन थोडेच सेकंद चालू करा. आवाज गायब झाला तर दोष बाहेरच्या पुल्यांमध्ये आहे. (या इंजिनात वॉटर पंप फॅन बेल्टवरच फिरतो, तेव्हा जास्त वेळ चालवायचं नाही.) आवाज तसाच राहिला, तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक टायमिंग कव्हरवर टेकवा. चेनची खडखड गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, कव्हरच्या उभ्या पट्टीत स्पष्ट येते. इंजेक्टरची टकटक वर, हेडच्या मधोमध. शेवटी ऑईल प्रेशर स्विचच्या जागी मीटर लावून गरम इंजिनाचं आयडलिंगचं प्रेशर मोजायला सांगा आणि आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. ही तपासणी फार कमी गॅरेजवाले स्वतःहून करतात. मागून घ्या.

चेन बदलायलाच हवी, हे कधी ठरवायचं? गरम इंजिनालाही खडखड येते आणि ऑईल, प्रेशर दोन्ही ठीक आहेत, तेव्हा. स्कॅनरवर क्रँक आणि कॅम यांच्या मेळाचा कोड, म्हणजे पी ००१६ किंवा त्याच्या जवळचा, पुसल्यावरही परत येतो आणि सेन्सर व वायरिंग चांगली आहे, तेव्हा. सेल्फ लांबतो, पिकअप मेला आहे आणि टर्बो, इंजेक्टर, ईजीआर तपासून झाले आहेत, तेव्हा. किंवा टेन्शनरचा प्लंजर जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला दिसतो, तेव्हा. यातलं एकही लक्षण पक्कं असेल तर दिवस ढकलू नका, आणि तोवर गाडी धक्का मारून मुळीच स्टार्ट करू नका. धक्कास्टार्टमध्ये ऑईलचं प्रेशर यायच्या आत इंजिनाला जोरात हिसका बसतो, आणि ढिली चेन दात सोडते ती अशाच वेळी.

आता मूळ प्रश्न, आवाज परत का येतो. एकदा झिजलेल्या मल्टिजेटचं कव्हर उघडताना समोर उभं राहा. प्लॅस्टिकच्या गाईडवर चेनच्या दोन पट्ट्यांनी दोन खोल, गुळगुळीत चर पाडलेले दिसतात. बोट फिरवलं की कड लागते. काही वेळा गाईडचं टोक तुटलेलं असतं. मग इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर उतरवल्यावर ऑईल खेचणाऱ्या जाळीवर तेच काळं प्लॅस्टिक कुरकुरीत तुकड्यांच्या रूपात चिकटलेलं सापडतं, त्यात मिसळलेली गाळाची मळी. क्रँकच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूने झुकल्यासारखे झिजलेले असतात. या सगळ्यावर फक्त नवी चेन चढवली, तर जुने दात नव्या चेनला पुन्हा त्याच वेगाने खातात, चर पडलेला गाईड तिला नीट दाबत नाही, आणि अर्धवट चोक झालेली जाळी टेन्शनरला ऑईल पुरू देत नाही. म्हणून चेन, दोन्ही स्प्रॉकेट, सगळे गाईड आणि टेन्शनर हा पूर्ण संच एकत्रच बदलायचा. चेंबर उतरवून जाळी साफ करायची. मल्टिजेटमध्ये ऑईल पंप टायमिंग कव्हरमध्येच असतो, म्हणजे कव्हर हातात आलंच आहे तर पंपाची झीज तिथेच तपासायची. पंप घासलेला असेल तर संपूर्ण नवं किट टाकूनही प्रेशर कमीच राहणार.

आणखी एक कारण मला फार त्रास देतं, कारण ते पूर्ण टाळता येतं: गॅस्केट मेकर. कव्हर आणि चेंबर बसवताना सिलिकॉनची जाड वळी भरली, की जास्तीचा भाग आत दाबला जातो, काही दिवसांनी त्याची गोळी सुटते आणि थेट जाळीवर जाऊन बसते. काम नवं, पार्ट ओरिजिनल, तरी काही महिन्यांत प्रेशर कमी आणि खडखड परत. कारागिराला आधीच सांगा की सिलिकॉनची रेघ बारीक हवी आणि जुना थर पूर्ण खरवडून निघाला पाहिजे.

टायमिंग बसवताना लॉकिंग पिना (क्रँक आणि कॅम नेमक्या जागी अडकवून ठेवणाऱ्या) वापरल्या का, हेही विचारा. रंगाच्या खुणा मारून जुनी चेन काढणं आणि तशीच नवी बसवणं ही पद्धत सर्रास चालते. पण जुनी चेन लांबलेली होती, तेव्हा तिच्यावरून घेतलेली खूणच थोडी चुकीची असते. पिना लावून बसवल्यावर इंजिन हाताने, फिरायच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं आणि पिना पुन्हा सहज जातात का ते बघायचं. पिन गेली नाही तर पुन्हा बसवायचं. यावर तडजोड नको.

ऑईल किती किलोमीटरला बदलावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. मॅन्युअलमधला आकडा ही वरची मर्यादा आहे. समजा मर्यादा दहा हजार किलोमीटर आहे. मुंबई-नागपूरसारख्या लांबच्या रस्त्यावर सरासरी ६० च्या वेगाने गाडी चालली, तर तेवढ्यात इंजिन साधारण १६७ तास फिरतं. तेच दहा हजार हिंजवडी किंवा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ च्या वेगाने झाले, तर ६६७ तास. ओडोमीटरवर आकडा एकच, पण चेनने आणि ऑईलने चौपट काम केलेलं असतं. शहरातल्या डिझेलला सहा-सात हजारांवर किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. संपूर्ण चेनकामाच्या तुलनेत हा खर्च अगदी थोडा आहे.

बेल्टचं गणित मात्र वेगळं, आणि बेल्टवाल्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण चेन निदान आवाज करते. बेल्ट बहुतेक वेळा गुपचूप तुटतो. रेनॉच्या डस्टरमधलं १.५ डीसीआय डिझेल, फोर्डचं १.५ टीडीसीआय, फोक्सवॅगन आणि स्कोडाचं १.५ टीडीआय, २००५ ते २०१६ ची २.५ लिटर इनोव्हा, सँट्रो झिंग, जुनी मारुती ८००, ओम्नी, अल्टो ८००, हे सगळे बेल्टवाले. इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेलमध्ये चेन आली. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला चेन आणि डिझेलला बेल्ट असं असू शकतं, म्हणून आपल्या इंजिनात काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज करू नका.

बेल्ट बदलायची मुदत इंजिनागणिक वेगळी असते. साधारण साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत. पण मॅन्युअलमध्ये त्या ओळीच्या शेजारी वर्षंही लिहिलेली असतात, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. ‘आमची गाडी चालतच नाही हो, नऊ वर्षांत जेमतेम पस्तीस हजार’ हे वाक्य ऐकलं की मी तिथेच थांबवतो. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. उन्हात तापलेल्या बॉनेटखाली, आठवड्यातून एकदा थंड इंजिन चालू करून दहा मिनिटांत बंद करणाऱ्या गाडीचा बेल्ट, रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा सुरक्षित आहे असं मानू नका. वर्षांची मुदत झाली की बेल्ट बदला, किलोमीटर कितीही कमी असोत.

जुन्या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा असतो. तो ठरावीक किलोमीटर झाले की लागतो. बेल्टची अवस्था तो बघत नाही, नुसते किलोमीटर मोजतो. बेल्ट न बदलताही तो रिसेट करता येतो. त्यामुळे सेकंडहँड इनोव्हा घेताना दिवा बंद आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. बेल्ट बदलल्याचं बिल, त्यावरची तारीख आणि किलोमीटर बघा. बिल नसेल तर गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम बेल्टचं.

बेल्ट डोळ्यांनी तपासता येतो, पण थोडाच. बऱ्याच इंजिनांत वरचं प्लॅस्टिक कव्हर दहा नंबरच्या पान्याने आणि दोन-तीन क्लिपांनी निघतं. आतल्या बाजूला दातांच्या मुळाशी आडव्या भेगा आहेत का, कडेचे धागे सुटलेत का, पाठ काचेसारखी चकचकीत झाली आहे का, हे टॉर्चने बघा. हाताला तेलकट लागलं तर कॅम किंवा क्रँकचं ऑईल सील गळतंय. तेल पिऊन बेल्ट फुगतो आणि दात सुटतात. अशा वेळी सील आणि बेल्ट दोन्ही लगेच बदलायचे, मुदत बघत बसायचं नाही. कव्हरच्या खालून कूलंटचा पांढरट किंवा हिरवट डाग आला असेल तर वॉटर पंपावर संशय घ्या. आणि हे सगळं स्वच्छ दिसलं तरी मुदत वाढत नाही, कारण बेल्टची ताकद आतल्या काचेच्या धाग्यांत असते आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

नुसता बेल्ट बदलून पुन्हा अडकलेल्यांची गोष्टही चेनवाल्यांसारखीच आहे. इथे दुसऱ्यांदा दगा देतो तो टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) किंवा वॉटर पंप. डस्टरच्या १.५ डीसीआयमध्ये वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं की नवाकोरा बेल्टही त्याच्यावर घासून जातो. मजुरी तीच लागते, कारण इंजिनाची ती बाजू उघडलेलीच असते. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंप, सगळं एकदमच करा. निघालेले पार्ट गॅरेजमधून मागून घ्या आणि आयडलर हातात फिरवून बघा. खरखर लागली तर वेळेवर बदलला असं समजा.

तिसरा प्रकार थोड्यांकडे आहे, पण त्यांना सांगायलाच हवं: ऑईलमध्ये बुडून चालणारा बेल्ट. इकोस्पोर्टच्या १.० लिटर इकोबूस्ट पेट्रोलमध्ये तो आहे. चुकीच्या ग्रेडचं ऑईल किंवा फार जुनं ऑईल राहिलं, तर बेल्टचं रबर सुटतं आणि त्याचे कण ऑईलच्या जाळीवर जमतात. इथे पहिलं लक्षण आवाजाचं नसून ऑईल प्रेशरच्या लाल दिव्याचं असू शकतं. तो दिवा चालत्या गाडीत एकदा जरी लुकलुकला, तरी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग मागवा. या इंजिनात ‘कोणतंही चांगलं ऑईल’ चालत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर छापलेलं हवं.

आणि बेल्ट तुटलाच किंवा चेन सुटलीच, तर? चालती गाडी अचानक बंद पडते आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, मोकळं फिरल्यासारखं वाटतं. हे जाणवलं की पुन्हा सेल्फ मारू नका आणि कुणालाही धक्का मारू देऊ नका. प्रत्येक फेरीत आणखी एखादा व्हॉल्व्ह आदळू शकतो. गाडी टोइंगवर टाकून गॅरेजला न्या.

तिथे गेल्यावर ‘हेड गेलं, हाफ इंजिन करावं लागेल’ हा निकाल लगेच मान्य करू नका. मल्टिजेटमध्ये चेन सुटल्यावर अनेकदा मार रॉकरवर, म्हणजे कॅमच्या दाबाने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या दांड्यांवर येतो, रॉकर तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. आधी वरचं कव्हर उघडून तुटलेले रॉकर मोजायला सांगा, टायमिंग नीट बसवून इंजिन हाताने फिरवायला सांगा, कुठे अडलं तर जोर न लावता थांबायला सांगा. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. एखाद्या सिलिंडरचा आकडा शून्याजवळ असेल तर व्हॉल्व्ह वाकला आहे आणि हेड उतरवावंच लागेल. चारही एकसारखे आणि मॅन्युअलच्या मर्यादेत असतील तर हेडला हात न लावता काम होऊ शकतं.